अपस्मारावरील औषधोपचार आणि त्यांचा सुरक्षित वापर : चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात

सारांश

अपस्मार हा मेंदूचा दीर्घकालीन परंतु बहुतांशी उपचारसाध्य विकार आहे. योग्य औषध योग्य मात्रेत व अखंडपणे घेतल्यास सुमारे ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रतिपादन आहे. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मात्र पूर, हंगामी स्थलांतर, लांबचे अंतर आणि सामाजिक संकोच यांमुळे औषध मध्येच बंद पडते. त्याचबरोबर हिवताप, क्षय व सिकलसेल यांवरील औषधांशी अपस्मारावरील औषधांच्या आंतरक्रिया घडून येतात. प्रस्तुत लेखात अपस्मारावरील प्रमुख औषधांचा परिचय करून देऊन, या दोन जिल्ह्यांत औषधाची सुरक्षितता ही औषधाच्या निवडीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या सातत्यावर व माहितीच्या देवाणघेवाणीवर अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : अपस्मार, झटके, औषध-सातत्य, आंतरक्रिया, हिवताप, सिकलसेल, गडचिरोली, चंद्रपूर.

१. प्रस्तावना

अपस्मार हा शब्द आपल्याकडे अतिशय जुना आहे. चरकसंहितेत या विकाराचे स्वतंत्र विवेचन आढळते. स्मृतीचा काही काळ लोप होणे हा या शब्दाचा मूळ आशय होय. लोकव्यवहारात त्यास फेफरे, मिरगी किंवा फिट असे म्हटले जाते. नावे अनेक असली तरी समज मात्र बहुधा एकच असते, ती म्हणजे हा दैवी कोप किंवा बाहेरची बाधा आहे. या समजुतीमुळे रुग्ण प्रथम पुजाऱ्याकडे वा मांत्रिकाकडे जातो आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत कित्येकदा अनेक वर्षे लोटलेली असतात.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे व त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्न असलेल्या देशांत राहतात. जागतिक आरोग्य सभेने २०२२ मध्ये अपस्मार व अन्य मेंदूविकारांसंबंधी २०२२ ते २०३१ या कालावधीचा जागतिक कृती आराखडा संमत केला. उपचार न मिळणाऱ्या रुग्णांची संख्या कमी करणे हे त्याचे एक प्रमुख सूत्र आहे. तथापि उपचार ‘मिळणे’ आणि उपचार ‘सुरक्षितपणे चालू राहणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट आपल्या परिसरात अधिक अवघड आहे.

प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी परीक्षा सुरू असताना एका विद्यार्थ्यास झटका आला. पर्यवेक्षकांपैकी एकाने त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला, दुसऱ्याने कांदा आणावयास सांगितले. झटका दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबला. पुढे चौकशी केली असता असे समजले की, वसतिगृहात आल्यावर त्याच्याजवळील गोळ्या संपल्या होत्या, दीड महिन्यात त्रास झाला नव्हता, म्हणून त्याने ‘आता बरे झाले’ असे मानून नवीन गोळ्या आणल्या नव्हत्या. त्यातच परीक्षेसाठी सलग दोन रात्रींचे जागरण झाले होते. त्या दिवशी सभागृहात उपस्थित असलेल्या सुशिक्षित मंडळींपैकी कोणासही नेमके काय करावे हे ठाऊक नव्हते. प्रस्तुत लेखाचा उगम त्या अनुभवात आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

(अ) अपस्मारावरील प्रमुख औषधांचे कार्य व दुष्परिणाम यांचा परिचय करून देणे.
(ब) चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील विशिष्ट परिस्थितीत औषधांच्या सुरक्षित वापरापुढील अडचणी स्पष्ट करणे.
(क) प्राध्यापकवर्गाने याबाबत पार पाडावयाची भूमिका सुचविणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्याचे स्वरूप परिचयात्मक आहे. येथील माहिती वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. औषध सुरू करणे, बदलणे व थांबविणे हा सर्वस्वी वैद्यकीय अधिकाऱ्याचा निर्णय होय.

३. स्थानिक पार्श्वभूमी व कारणमीमांसा

गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या क्षेत्रफळाच्या दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. भामरागड ते जिल्ह्याचे मुख्यालय हे अंतर दीडशे किलोमीटरहून अधिक असून पावसाळ्यात पर्लकोटा नदीस पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मेंदूविकारतज्ज्ञाची सेवा मुख्यतः नागपूरसारख्या शहरात एकवटलेली आहे. अशा भागात २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प आणि १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेली ‘सर्च’ ही संस्था यांनी आरोग्यसेवेचा पाया घातला. चंद्रपूर येथे २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

अपस्माराची अनेक कारणे या परिसराच्या आरोग्यस्थितीशी थेट निगडित आहेत. पहिले कारण म्हणजे जन्माच्या वेळी अर्भकाचा श्वास गुदमरणे. त्यामुळे मेंदूस इजा होऊन पुढे झटके येऊ शकतात. दुसरे कारण मेंदूचा हिवताप होय. फाल्सिपेरम प्रकारच्या हिवतापाचा गडचिरोलीत दीर्घकाळ प्रादुर्भाव राहिला आहे. या आजारातून वाचलेल्या काही बालकांना नंतर अपस्मार जडतो. तिसरे कारण मेंदूत होणाऱ्या गाठी. त्यांत पट्टकृमीच्या अळ्यांच्या व क्षयरोगाच्या अशा दोन्ही प्रकारच्या गाठींचा समावेश होतो. पट्टकृमीची अंडी दूषित पाण्यातून व भाजीपाल्यातून पोटात जातात; म्हणून डुकराचे मांस न खाणाऱ्यांनाही हा विकार होऊ शकतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. चौथे कारण पक्षाघात. ‘सर्च’च्या संशोधकांनी गडचिरोलीतील ८६ खेड्यांत केलेल्या व २०१५ मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासात सुमारे सातपैकी एक मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. पक्षाघातातून बचावलेल्या प्रौढांमध्ये उशिरा सुरू होणारा अपस्मार दिसून येतो. सिकलसेल आजारामध्येही मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पडून लहान वयात पक्षाघात व झटके उद्भवू शकतात.

याचा अर्थ असा की, येथील अपस्माराचा रुग्ण हा अनेकदा केवळ अपस्माराचा रुग्ण नसतो. त्यास दुसराही एखादा आजार असतो व त्या आजाराचीही औषधे चालू असतात.

४. प्रमुख औषधे : इतिहास व कार्यपद्धती

मेंदूतील पेशी परस्परांशी सूक्ष्म विद्युत्संदेशांद्वारे संपर्क साधतात. पेशींचा एखादा समूह एकाच वेळी अनियंत्रितपणे उद्दीपित झाला म्हणजे झटका येतो. हे उद्दीपन रोखण्याचे कार्य औषधे करतात. ती मूळ कारण नाहीसे करीत नाहीत; झटक्यास बांध घालतात. म्हणूनच औषध घेणे हे ताप उतरविण्यासारखे नसून शेताचा बांध राखण्यासारखे असते. बांध फुटला की पाणी पूर्वीप्रमाणेच वाहू लागते.

४.१ फिनोबार्बिटोन : या औषधाचा अपस्मारावरील उपयोग १९१२ मध्ये जर्मनीतील आल्फ्रेड हाउप्टमान यांनी दाखवून दिला. ते मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचे कार्य वाढविते. ते अत्यंत स्वस्त असून शरीरात दीर्घकाळ टिकत असल्याने दिवसातून एकदा घेतले तरी चालते. सुस्ती, तसेच बालकांमध्ये चिडचिड व एकाग्रतेचा अभाव हे त्याचे प्रमुख दुष्परिणाम होत. कायद्याने ते मनःप्रभावी पदार्थांत मोडत असल्याने त्याच्या विक्रीवर निर्बंध आहेत. परिणामी गावच्या औषध दुकानात ते सहजासहजी मिळत नाही.

४.२ फेनिटोइन : १९३८ मध्ये अमेरिकेत मेरिट व पटनम यांनी या औषधाचा प्रभाव सिद्ध केला. पेशींच्या आवरणातील सोडियमचे मार्ग रोखून ते उद्दीपनाचा प्रसार थांबविते. या औषधाचे एक वैशिष्ट्य प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे. यकृताची फेनिटोइन विघटित करण्याची क्षमता मर्यादित असते. त्या मर्यादेपर्यंत मात्रा पोहोचल्यावर ती किंचित वाढविली तरी रक्तातील प्रमाण एकदम कितीतरी पटींनी वाढते. म्हणून ‘तीन गोळ्यांनी थांबत नाही, चार घेऊन पाहू’ हा घरगुती हिशोब येथे धोकादायक ठरतो. चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, डोळ्यांची बुबुळे थरथरणे ही मात्रा अधिक झाल्याची लक्षणे होत. दीर्घकाळ वापराने हिरड्या वाढतात व काही स्त्रियांच्या अंगावर लव वाढते.

४.३ कार्बामाझेपिन : मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या झटक्यांवर हे प्रभावी आहे. मात्र क्षणभर भान हरपणे किंवा हातपाय एकदम उडणे या प्रकारच्या झटक्यांत ते उलट त्रास वाढवू शकते. म्हणून झटक्याच्या प्रकाराचे अचूक वर्णन डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक असते. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप अशी लक्षणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. ही त्वचेची गंभीर प्रतिक्रिया असू शकते व काही आशियाई समाजांत तिचा आनुवंशिक धोका अधिक आढळला आहे.

४.४ सोडियम व्हॅल्प्रोएट : याचा झटकारोधक गुण १९६० च्या दशकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये योगायोगाने ध्यानात आला. जवळजवळ सर्व प्रकारच्या झटक्यांवर ते उपयोगी पडते. वजन वाढणे, केस गळणे, हात थरथरणे व क्वचित यकृतास इजा होणे हे त्याचे दुष्परिणाम होत. गर्भावरील त्याच्या परिणामाची चर्चा पुढे केली आहे.

४.५ नवीन औषधे : लेव्हेटिरासिटॅम व लॅमोट्रिजिन ही औषधे १९९० च्या दशकात प्रचारात आली. लेव्हेटिरासिटॅमच्या इतर औषधांशी आंतरक्रिया अत्यल्प असतात, हा त्याचा मोठा गुण होय; काही रुग्णांत चिडचिड व उदासीनता मात्र वाढते. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत त्याचा समावेश आहे. लॅमोट्रिजिन अतिशय हळूहळू वाढवावे लागते. घाई केल्यास त्वचेची गंभीर प्रतिक्रिया संभवते. व्हॅल्प्रोएट सोबत चालू असल्यास लॅमोट्रिजिनची मात्रा आणखी कमी ठेवावी लागते.

येथे एक तत्त्व नमूद करणे आवश्यक आहे. शक्यतो एकाच औषधाने उपचार करावा. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील क्वान व ब्रोडी यांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पूर्वी उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के रुग्ण पहिल्याच औषधाने व आणखी १३ टक्के दुसऱ्या औषधाने झटकामुक्त झाले. अर्थात महागडे औषध म्हणजे चांगले औषध असे समीकरण येथे लागू पडत नाही. कर्नाटकातील येळंदूर येथील २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फिनोबार्बिटोन व फेनिटोइन या साध्या औषधांच्या साहाय्याने ग्रामीण भागात अपस्माराचा उपचार करता येतो, हे दिसून आले. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील बालकांवरील १९९८ च्या अभ्यासात तर फिनोबार्बिटोनमुळे वर्तनविषयक दुष्परिणाम फेनिटोइनच्या तुलनेत अधिक झाल्याचे आढळले नाही.

५. सातत्य : सुरक्षिततेचा मूलाधार

औषध एकाएकी बंद करणे हा अपस्मारातील सर्वांत मोठा धोका होय. रक्तातील औषधाचे प्रमाण अचानक घसरले की पूर्वीपेक्षाही तीव्र झटके येतात. कधी एकामागून एक झटके येत राहतात व मधल्या काळात शुद्धच येत नाही. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. फिनोबार्बिटोनसारख्या शामक औषधांबाबत हा धोका विशेष असतो.

या दोन जिल्ह्यांत सातत्य का तुटते, हे वर्षाच्या चक्राकडे पाहिल्यास स्पष्ट होते. फेब्रुवारीपासून अनेक मजूर मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी व मे महिन्यात तेंदूपत्ता संकलनासाठी कुटुंबे पहाटेपासून जंगलात असतात. जून-जुलैमध्ये धानाची रोवणी येते आणि त्याच सुमारास पूर येऊन रस्ते बंद होतात. प्रत्येक टप्प्यावर औषध संपण्याची शक्यता असते. एका महिन्याच्या गोळ्या देऊन ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगणे शहरात ठीक आहे. पर्लकोटेपलीकडील रुग्णास ते जुलैमध्ये पाळता येत नाही. म्हणून ज्यांचे झटके आटोक्यात आहेत अशा रुग्णांना पावसाळ्यापूर्वी व स्थलांतरापूर्वी दोन-तीन महिन्यांचा साठा मिळावा, अशी विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांना करणे उपयुक्त ठरेल.

साठा करावयाचा तर तो टिकलाही पाहिजे. कार्बामाझेपिनच्या गोळ्या दमट हवेत राहिल्या तर त्या कठीण बनून त्यांचा प्रभाव एक तृतीयांशापर्यंत वा त्याहूनही अधिक घटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिला होता. सोडियम व्हॅल्प्रोएटही हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणजे रुग्ण गोळी नियमित घेतो, तरीही ऑगस्टमध्ये झटका येतो, यामागे कधी छपरातून झिरपणारा ओलावाही असू शकतो. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवाव्यात, सुट्या करून पुडीत बांधू नयेत. पट्टी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून तो चुलीपासून व भिंतीच्या ओलीपासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

गोळी घेण्याचे विसरल्यास आठवताच ती घ्यावी. मात्र पुढील गोळीची वेळ जवळ आली असल्यास दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. औषधाची कंपनी शक्यतो वारंवार बदलू नये. गोळीचा रंग वा आकार बदलला म्हणून रुग्ण ‘हे आपले औषध नव्हे’ असे समजून ती टाकून देतो, असेही घडते. अशा वेळी पट्टीवरील मूळ रासायनिक नाव वाचून पाहावे. उलटपक्षी व्यापारी नावे वेगळी असल्याने एकच औषध दोनदा घेतले जाण्याचीही शक्यता असते.

औषध केव्हा थांबवावे, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. साधारणतः किमान दोन वर्षे एकही झटका न आल्यास डॉक्टर त्याचा विचार करतात व तेव्हाही मात्रा कित्येक महिने हळूहळू कमी करीत नेतात. झटके थांबले ही औषधाच्या यशाची खूण आहे. आजार संपल्याची नव्हे.

६. अन्य आजारांवरील औषधांशी आंतरक्रिया

फेनिटोइन, कार्बामाझेपिन व फिनोबार्बिटोन ही तिन्ही औषधे यकृतातील विघटन-प्रक्रिया वेगवान करतात. त्यामुळे सोबत घेतलेली अनेक औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात. काही औषधे याउलट परिणाम करतात. या परिसरात पुढील चार बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत.

६.१ हिवताप : आर्टेमिथर-ल्युमेफॅन्ट्रिन हे संयुक्त औषध वरील तिन्हींपैकी एखादे औषध चालू असताना दिल्यास त्याचे रक्तातील प्रमाण घटते व हिवताप पूर्ण बरा न होण्याची शक्यता निर्माण होते. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन व फेनिटोइन ही दोन्ही फोलेटच्या कार्यात बाधा आणतात. मेफ्लोक्विन अपस्माराच्या रुग्णास वर्ज्य आहे व क्लोरोक्विन देताना सावधगिरी बाळगावी लागते. तथापि हिवतापाचा उपचार टाळणे हा यावरील मार्ग नव्हे. अनुपचारित हिवताप स्वतःच झटके आणतो. योग्य मार्ग एवढाच की, रक्तनमुना घेणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यास ‘मला मिरगीच्या गोळ्या चालू आहेत’ असे सांगणे.

६.२ क्षयरोग : क्षयावरील आयसोनियाझिड हे औषध फेनिटोइन व कार्बामाझेपिन यांचे विघटन मंदावते, तर रिफाम्पिसिन अनेक अपस्मारविरोधी औषधांचे विघटन वेगवान करते. दोन्ही एकत्र दिली जात असल्याने परिणाम व्यक्तीगणिक भिन्न होतो. क्षयाचा उपचार सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे, तसेच तो संपल्यानंतरचे काही आठवडे, हे दोन्ही कालखंड दक्षतेचे होत. या काळात तोल जाणे वा अतिसुस्ती हे मात्रा वाढल्याचे, तर नव्याने आलेला झटका हे मात्रा घटल्याचे लक्षण असू शकते. आयसोनियाझिडमुळे ब-६ जीवनसत्त्वाची कमतरता होऊनही झटके येऊ शकतात. त्यासाठी पायरिडॉक्सिनची गोळी सोबत दिली जाते. ती किरकोळ समजून टाळू नये.

६.३ सिकलसेल : केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यामुळे निदान झालेल्या रुग्णांची संख्या वाढत आहे. सिकलसेलचे रुग्ण नियमित फोलिक ॲसिड घेतात. फेनिटोइन शरीरातील फोलेट घटविते व फोलिक ॲसिडची मोठी मात्रा फेनिटोइनचे प्रमाण कमी करू शकते. त्यामुळे दोन्ही उपचार एकाच डॉक्टरांच्या दृष्टीखाली असणे श्रेयस्कर. सिकलसेलच्या तीव्र वेदनांवर दिली जाणारी ट्रॅमाडॉल व पेथिडिन ही औषधे झटक्याची शक्यता वाढवितात. म्हणून वेदनेसाठी इंजेक्शन घेण्यापूर्वी अपस्माराचा उल्लेख अवश्य करावा.

६.४ मद्य : गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. कायदा काहीही असो, मोहाची दारू सण-समारंभांत असते. मद्य व फिनोबार्बिटोन एकत्र आल्यास सुस्ती व श्वसनास धोका वाढतो. नियमित पिणाऱ्याने ते एकदम सोडल्यासही झटके येतात. शिवाय पिण्याच्या दिवशी ‘गोळी व दारू एकत्र नको’ म्हणून गोळीच टाळली जाते. प्रत्यक्षात टाळावयाची असते ती दारू.

७. स्त्रिया, गर्भारपण व औषध

अपस्मार असलेल्या स्त्रियांचा प्रश्न दुहेरी आहे. वरील तीन औषधांमुळे ‘माला-एन’सारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो. तांबी व ‘अंतरा’ इंजेक्शन यांवर मात्र हा परिणाम होत नाही. दुसरीकडे, गर्भारपणात व्हॅल्प्रोएट घेतल्यास सुमारे १० टक्के अर्भकांत जन्मजात व्यंग आढळते व सुमारे ३० ते ४० टक्के बालकांच्या बौद्धिक व भाषिक विकासात अडथळे येऊ शकतात, असे युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये नमूद केले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये मुली व प्रजननक्षम वयातील स्त्रियांना हे औषध सुरू करू नये, अशी भूमिका घेतली. लॅमोट्रिजिन व लेव्हेटिरासिटॅम हे तुलनेने सुरक्षित पर्याय होत.

येथे एक इशारा अत्यंत आवश्यक आहे. ही माहिती वाचून वा ऐकून गर्भवतीने स्वतःहून गोळ्या थांबविल्यास तीव्र झटक्यांमुळे आई व गर्भ या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. औषधातील बदल हा विवाहापूर्वी वा गर्भधारणेपूर्वी, डॉक्टरांच्या सल्ल्याने व फोलिक ॲसिडसह झाला पाहिजे.

परंतु विवाहापूर्वी ही चर्चाच होत नाही. मुलीचा आजार लपविला जातो, गोळ्या माहेरी राहतात आणि सासरी गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच झटका येतो. हिंदू विवाह कायदा १९५५ व विशेष विवाह कायदा १९५४ यांत अपस्मार हा विवाहास बाधक मानला गेला होता. १९९९ च्या सुधारणा कायद्याने ती तरतूद वगळण्यात आली. म्हणजे कायद्याने कलंक पुसला आहे, समाजाने मात्र अद्याप पुसलेला नाही. आणि या कलंकाची किंमत मुलगी गोळ्या सोडून चुकविते.

८. झटका आल्यास करावयाची कृती

झटका आलेल्या व्यक्तीस जागीच सुरक्षित ठेवावे. चूल, शेकोटी, पाणी, अणकुचीदार वस्तू यांपासून दूर करावे. डोक्याखाली मऊ कपडा ठेवावा, कपडे सैल करावेत, झटका ओसरू लागताच कुशीवर वळवावे व घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट वा पाणी घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. चप्पल वा कांदा हुंगवू नये. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडाने गोळीही देऊ नये. झटका पाच मिनिटांहून अधिक काळ चालल्यास, शुद्ध न येता दुसरा झटका आल्यास, गर्भवतीस झटका आल्यास, किंवा तापासह प्रथमच झटका आल्यास त्वरित १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. तापासह झटका म्हणजे मेंदूचा हिवताप असू शकतो, हे आपल्या भागात कधीही विसरू नये. ज्यांचे घर रुग्णालयापासून दूर आहे अशा रुग्णांना नाकात फवारावयाचे मिडाझोलाम घरी ठेवता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे.

९. प्राध्यापकांची भूमिका

गोंडवाना विद्यापीठाची स्थापना २०११ मध्ये झाल्यापासून या दोन जिल्ह्यांतील दुर्गम गावांतील युवक-युवती मोठ्या संख्येने महाविद्यालयांत येत आहेत. घर सोडून वसतिगृहात येणे हाच औषध-सातत्य तुटण्याचा एक प्रमुख क्षण असतो. गोळीची आठवण करून देणारी आई जवळ नसते आणि खोलीतील मित्रांसमोर गोळी घेण्याचा संकोच वाटतो. या दृष्टीने पुढील उपाय सुचविता येतील.

(१) प्रवेशाच्या वेळी आरोग्यविषयक माहिती गोपनीय स्वरूपात घ्यावी व ती केवळ एका जबाबदार प्राध्यापकाकडे ठेवावी.
(२) अपस्मार असलेल्या विद्यार्थ्यास जवळच्या शासकीय रुग्णालयाशी जोडून द्यावे, जेणेकरून औषधासाठी त्यास गावी जावे लागणार नाही.
(३) परीक्षाकाळात जागरण टाळण्याचा सल्ला द्यावा; झोपेचा अभाव हे झटक्याचे प्रबळ निमित्त होय.
(४) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक घ्यावे. नदीत पोहणे, विहिरीवर एकट्याने जाणे याबाबत दक्षता ठेवावी. १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन त्यासाठी उचित ठरेल.
(५) विद्यार्थ्याजवळ औषधाचे रासायनिक नाव, मात्रा व संपर्क क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. हिवतापाचा कर्मचारी असो वा क्षयरोग केंद्र, प्रत्येकास ती दाखविता येते.
(६) पुजाऱ्याचा अवमान करू नये. पूजा करावयाची असल्यास करावी, परंतु गोळी सोडू नये, एवढाच आग्रह धरावा.

१०. निष्कर्ष

‘सर्च’ने गडचिरोलीतील ३९ खेड्यांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. तो १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवजात बालमृत्यूत ६२ टक्के घट घडवून आणणाऱ्या त्या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली. ती म्हणजे, गुंतागुंतीची वाटणारी वैद्यकीय सेवा गावातील प्रशिक्षित स्त्री विश्वासाने देऊ शकते. अपस्माराच्या बाबतीत तर अपेक्षा त्याहून लहान आहे. निदान डॉक्टरांनी करावे. गोळी संपण्यापूर्वी ती घरी पोहोचली की नाही, ती कोरडी आहे की नाही, आणि दुसरा आजार झाला असता तिचा उल्लेख केला की नाही, एवढे तीन प्रश्न आशा स्वयंसेविकेस, शिक्षकास व प्राध्यापकास विचारता येण्यासारखे आहेत.

अपस्मारावरील बहुसंख्य मूलभूत औषधे जुनी, परिचित व स्वल्पमोली आहेत. त्यांचे गुणदोष विज्ञानाने पुरेसे तपासले आहेत. या दोन जिल्ह्यांत धोका औषधात जितका आहे त्याहून अधिक तो दोन गोळ्यांमधील खंडात व दोन उपचारकांमधील मौनात आहे. खंड भरून काढणे आणि मौन सोडणे यांसाठी मेंदूविकारतज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही. ते कार्य आपल्या वर्गखोलीपासून सुरू करता येते.